वरची काच

डेरिकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
देवळाची किल्ली माझ्याकडं असते.
शनिवारी दुपारी मी एकटीच,
एक बादली, जुनं बनियन फाडून केलेली फडकी,
आणि ग्रिम्सबीचा वारा,
जो गोदीवरून मासळीचा वास घेऊन
दाराच्या फटीतून उपासनेला येतो.

पूर्वेची खिडकी तीन मजली.
खाली पुत्र, क्रुसावर, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.
मध्ये कबुतर, एका पंखाला तडा.
आणि सगळ्यात वर बाप होता म्हणे,
ढगातून बाहेर आलेला नुसता हात.
कुठल्याशा जानेवारीतल्या वादळात तो फुटला.
रंगीत काचेला पैसे नव्हते,
म्हणून साधीच बसवली, सध्यापुरती.
त्या सध्याला आता पन्नास वर्षं होतील.

तिथून आभाळ दिसतं,
बहुतेक राखाडी. कधी एखादा सीगल.
रविवारच्या शाळेतली टिल्डा विचारते,
बाप रजेवर गेलाय का?
मी हसले. खडूचे तुकडे डबीत भरत राहिले.

राहुरीला माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
सायमन भिंगारदिवे.
आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आणि तुम्ही.
दादा, तुम्ही जेवलात का. दादा, तुम्ही रागावू नका.
त्यांच्या चपला वाजल्या की
सगळं घर पाठ ताठ करून बसायचं.
आणि तेच दादा रात्री, कंदिलाची वात बारीक करून,
गुडघे टेकले की
ज्यानं चंद्र-सूर्य केले त्याला चक्क अरे-तुरे करायचे.
बापा, तू. तुझं. तुझ्याकडं.
मला वाटायचं, हा कुठला न्याय?
थोरल्या बापाला तू अन् धाकट्याला तुम्ही?

इथल्या भाषेत हा पेच नाही.
इथं कुत्र्याला आणि कर्त्याला एकच शब्द.
म्हणून इंग्रजीत प्रार्थना करते तेव्हा
आपण किती जवळ उभ्या आहोत
याचा मला अंदाज येत नाही.

जवळ असते तर विचारलं असतं:
त्या शुक्रवारी तू कुठं होतास?
पोरगं टांगलेलं, तुला हाका मारतंय,
आणि तू हूं की चूं केलं नाहीस.
पाळक म्हणतात, ते गूढ आहे.
असेल.

वॉर्ड नऊ. मार्च महिना.
मोटरसायकलवरून पडलेला एकोणीस वर्षांचा पोरगा.
आई आत, त्याचे तळवे चोळत.
बाप, कीथ ब्लँचर्ड, गोदीत बर्फ फोडणारा माणूस,
बाहेर व्हरांड्यात.
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पोराचे बूट.
आत या म्हटलं, आला नाही.
बसा म्हटलं, बसला नाही.
घरी जा, फोन करते म्हटलं. जागचा हलला नाही.
पहाटे चारला मी दार उघडलं.
त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं.
मग पिशवीतून बूट काढले,
चिखलानं आवळलेल्या नाड्या सोडल्या,
आणि पुन्हा ओवायला बसला, भोकामागून भोक,
सकाळी कुणाला तरी घालायचे असल्यासारख्या.

तेव्हापासून तो प्रश्न मी
जरा आवाज खाली करून विचारते.

आता कमिटीनं पैसे जमवलेत.
हात कसा हवा, म्हणून कागद फिरतोय:
आशीर्वादाचा, की जग घडवणारा?
मी कागद तसाच पुढं सरकवला.
नाडी ओवणारा हात, असं लिहिलं
तर डेरिक मलाच डॉक्टरकडं नेईल.

आज शिडी लावली. साठीला शोभत नाही.
वरची काच आतून लख्ख पुसली.
डाग बाहेरचा निघाला, सीगलचा,
तिथं माझा हात पोचत नाही.
उतरताना शेवटची पायरी चुकली,
तोंडातून आपसूक निघालं,
बाप रे.

मोकळ्या देवळात ते बराच वेळ घुमलं,
मराठीत, एकेरीत.
आजची प्रार्थना तेवढीच.
मग बादली उचलली, किल्ली घेतली.