लोण्याच्या डब्यातला पक्ष

डबा लोण्याचा. टिनाचा.
आत एक वही, एक रबरी शिक्का,
वाळून दगड झालेली शाईची गादी,
आणि पावतीपुस्तक : सत्तेचाळीस पावत्या फाडलेल्या, बाकी कोऱ्या.
मी स्केलवर्डच्या नगरपालिकेत तळघरात बसतो.
जे संपलं त्याला क्रमांक देतो.

पहिलं पान. मार्च एकोणीसशे एकसष्ट.
गोसे हेलिंगाच्या दुकानात,
जिथे स्केटच्या पात्यांना धार लावून मिळते,
नऊ माणसं, सात खुर्च्या.
ठराव एक : समुद्राचा बांध दोन हात उंच व्हावा.
ठराव दोन : पाट्या आपल्या भाषेत.
ठराव तीन : पुढच्या वेळी खुर्च्या आणाव्यात.
निशाणी टिटवी, चोच समुद्राकडे.
अक्षर फ्राउक्ये डोटिंगाचं. शाळामास्तरीण.
प्रत्येक ओळ पट्टीने आखलेली.

हेगला पत्र गेलं. पोच आली.
दुसरं गेलं. पोच आली.
अकरा वर्षांच्या पोचा तिने एका दोऱ्यात ओवून ठेवल्यात,
सुकत घातलेल्या माशांसारख्या.

मग प्रांताच्या सभेत एक जागा.
एकोणीस मतांनी!
त्या रात्री वहीत पट्टी नाही,
ओळी चढण चढत गेल्यात
आणि कोपऱ्यात बिअरच्या पेल्याचं ओलं गोल,
शिक्का मारावा तसं.

सभेत गेला त्यालिंग. उंच, लाजाळू, गायींचा डॉक्टर.
चार वर्षांत सहा वेळा उठला.
सहाव्यांदा घरच्या भाषेत बोलला,
तर तिथल्या लेखनिकाने लिहिलं : 'सदस्य खोकले.'

पक्ष फुटला तो पैशावरून नाही,
बांधावरूनही नाही.
पाटी मंजूर झाली, एकच, वेशीवरची,
आणि गावाचं नाव लिहायचं कसं यावरून फुटला.
गोसे म्हणे, आजोबांच्या थडग्यावर आहे तसं.
त्यालिंग म्हणे, तोंडात येतं तसं.
एका अक्षराच्या डोक्यावरच्या इवल्या टोपीसाठी
रस्त्याच्या अल्याड एक कचेरी, पल्याड एक.
टिटव्याही दोन झाल्या,
दुसरीने तोंड जमिनीकडे फिरवलं.
आधी अठराशे मतं होती,
मग सातशे बारा, दोघांची मिळून.
पाटीचा खांब तेवढा रोवला गेला. नुसताच खांब.
त्याला लोक सायकली टेकवायचे.

गोसेच्या मयताला त्यालिंग आला होता का,
वही सांगत नाही.
पावतीपुस्तकात मात्र त्याच आठवड्यातली एक :
पंचवीस गिल्डर, फुलांसाठी.
देणाऱ्याचं नाव खोडलंय, पण नीट नाही खोडलेलं.

अठ्ठ्याऐंशीत बांध उंच झाला.
दोन हात, वर चार बोटं.
मोठ्या पक्षाचा मंत्री आला, फीत, बँड,
बांधावरच्या मेंढ्या दोन दिवस आधी हलवल्या.
फ्राउक्येला आमंत्रण नव्हतं. ती गेली.
वहीत एवढंच :
'ठराव एक पूर्ण. वारा फार होता.'

पुढची पानं मी भराभर उलटली.
उपस्थिती पाच. उपस्थिती तीन.
दोन हजार चारच्या मार्चमध्ये उपस्थिती एक.
'गणपूर्ती झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.'
अध्यक्ष तीच, चिटणीस तीच, शिलकेतले नऊ युरो मोजणारी तीच.
'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.'
मोठ्याने वाचलं असेल?
ठराव दोन पुढे चालू ठेवावा :
बाजूने एक, विरुद्ध कोणी नाही.
ओळ पट्टीने आखलेली, पण पट्टी हलली होती.

शिक्का थुंकीने ओला करून
मी रद्दी कागदावर दाबून पाहिला.
नुसती चोच उमटली,
कुठल्या टिटवीची ते कळेना.

आता डब्यावर चिठ्ठी लावायची.
क्रमांक लिहिला. वर्षं लिहिली.
गावाच्या नावापाशी पेन थांबलं.
टोपीसकट की टोपीविना?
वर जेवणाची घंटा झाली,
सगळे खुर्च्या सरकवून निघाले.
मी बसून आहे.