सबटायटल नसलेला रविवार

फाइल उघडलीच नाही.
चित्र आलं, आवाज आला,
खालची ओळ तेवढी आली नाही.
धंतोलीतला हॉल, एकतीस माणसं,
दोन कूलर, त्यातल्या एकाचं पाणी संपलेलं.
मी सेक्रेटरी, माफी मागायला उठलो
तर प्रोजेक्टरमागून शालिकभाऊ मेश्राम म्हणाले,
"राहू दे ना बाप्पा. रंग तर दिसून राह्यले."

तेहतीस वर्षं बर्डीच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर.
त्यांनीच सांगितलं होतं मला एकदा,
प्रिंट म्हातारी झाली की आधी निळा उडतो.
आभाळ गुलाबी होतं, नदी गुलाबी होते,
भर दुपारचा सीन असतो
आणि लोकांना वाटतं संध्याकाळ झाली.
"निळा गेला का मले करमत नाही,"
इंदोऱ्याचे शालिकभाऊ एवढंच म्हणाले होते
आणि रीळ गुंडाळू लागले होते.

तर पडद्यावर बर्फ.
कोरियातलं कुठलंसं गाव,
पांढऱ्या कपड्यातली एक बाई
हातात झाकलेलं भांडं घेऊन चाललीये.
चाललीये. चाललीये.
कट नाही.

"विधवा आहे," घुशेकाकू. महालातल्या.
त्यांना वेळ लागला नाही.

नसीम टेलर मोमिनपुऱ्याचे, खुर्चीत जरा पुढे सरकले.
म्हणाले, कफन मी शिवतो, त्याचे पैसे घेत नाही.
पण हजला निघालेल्याचं कापडही
त्याच थानातून फाडतो.
कात्रीला कुठे कळतं, कोण कुठे निघालंय.

पौनीकर कोष्टी चष्मा पुसत म्हणाले,
"कोरा नाही हा पांढरा. शंभरदा धुतलेला आहे.
बाई गरीब आहे."
आणि तेवढ्यावर थांबले.

मागे अंधारात शालिकभाऊ बोलायला लागले तेव्हा
आधी वाटलं, मशीनशी बोलताहेत.
"छप्पन साली सहा वर्षांचा होतो मी.
मायनं उधारीत पांढरं लुगडं आणलं, बिनकाठाचं.
मैदानातून घरी आली
तर मी ओळखलंच नाही तिले.
कपड्यानं नाही.
ताठ चालून राह्यली होती ना."

मग हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही.
काकूंनी पदर सारखा केला, उगाच.

पुढे एक पिवळ्या अंगरख्याचा म्हातारा आला,
त्याच्यामागून काळ्या घोंगडीतला दुसरा.
मागच्या रांगेतली पोरं ओरडली,
"घेऊन जाऽऽ गे मारबत!"
सगळा हॉल हसला.
पडद्यावर मात्र दोघं गळ्यात पडून रडत होते,
भाऊ असावेत.
हसू आवरता आवरता आम्हाला
थोडी लाज वाटली.

शेवटी झोपडीला आग.
ज्वाळांचा नारिंगी रंग सगळ्यांच्या तोंडावर आला.
मला काटोलच्या मामाची संत्री दिसली.
शेजारचा मुलगा म्हणाला, झेंडा.
बंद कूलरजवळच्या बाई म्हणाल्या,
"शेहेचाळीस डिग्री."
मामाचं मी बोललो नाही.
हल्ली या रंगाचं नाव घेण्याआधी
आपण जरा इकडेतिकडे पाहतो.

बुधवारी फाइल आली.
रात्री एकट्यानं लावली मी, त्याच जागी नेली.
बर्फ, बाई, भांडं.
चार मिनिटांत खाली एकच ओळ,
घरातून कोणीतरी हाक मारून सांगतं:
*हळू जा. दूध सांडेल.*

फोन करू की नको, असं करता करता
सकाळी केला.
शालिकभाऊ पोहे खात होते, चमचा वाजला.
मी ओळ वाचून दाखवली.
बराच वेळ पलीकडे नुसता चावण्याचा आवाज.
मग म्हणाले,
"हाव. म्हणजे भांड्यातही पांढरंच होतं.

आन्‌ सांडलं का?"

मी पुढे पाहिलंच नव्हतं.