पृष्ठ २१४

मे महिना. कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
विद्यापीठाच्या ग्रंथालयात आम्ही दोघंच.
बोरकुटेंनी तळघरातून आणला
गोळीबार चौकातल्या विणकरांवरचा
तो जुना प्रबंध,
ज्याचा आधार सगळेच देतात:
पृष्ठ २१४.

शेवटच्या पानावर आकडा होता १९८.

"काहून जी, पानं गळली का?"
"नाही ना सर. शिवण पक्की आहे."
मागच्या चिठ्ठीवर शिक्का एकच,
एकोणीसशे एकाहत्तरचा.

म्हणजे पहिल्याचा आकडा चुकला,
बाकीच्यांनी पहिल्यालाच वाचलं.

तेरा लेख मोजले मी.
चौदावा माझा,
ज्यावर बढती मिळाली, संत्राबर्फी वाटली,
बोरकुटेंनाही दोन वड्या.

त्यांनी तारखेचा शिक्का फुंकून पुसला.
"नेता का घरी?"