सेकंड

नवी पेठेतलं दुकान, दुपारचं,
बाहेर त्रेचाळीस, आत एसी.
बरं वाटलं आधी, मग पदर घट्ट ओढला.
स्रवंतीने वहीच्या शेवटच्या पानावर
तीन महिने जमवलेली नावं आणि आकडे:
आठ जीबी, सोळा जीबी, पुढे कंसात प्रश्नचिन्ह.
त्यातलं मला कळलं एवढंच, की
वहीचं ते पान फाटायला आलंय.

सिद्धराम नावाचा पोरगा दाखवत होता.
हे डिप्लोमाला चालतं ताई,
हे गेमवाल्यांचं, तापतं लई,
याची बॅटरी सहा तास.
सहाच? माझी पाळी आठ तासांची.

एक त्याने माझ्या हातात दिलं.
मी म्हटलं, एक किलो सहाशे.
त्याने खोक्यावर वाचलं: एक किलो सहाशे वीस.
काटाच आहात की तुम्ही, म्हणाला.
बावीस वर्षं टॉवेल उचलतेय, बाबा.

नवऱ्याला फोन लावला.
तो रात्रपाळीचा, दिवसा झोपतो,
यंत्रमागांनी त्याचे कान केव्हाच विणून टाकलेत.
"मोठा घे!" तो ओरडला,
साऱ्या दुकानाला ऐकू गेलं.
केवढा मोठा, कशाने मोठा,
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी एक ठरलं. करड्या रंगाचं.
स्रवंतीने उघडलं, पडदा पांढरा झाला,
आणि माझी मान आपोआप खाली गेली.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
काचेच्या टेबलाखाली ट्यूब जळते,
वरून टॉवेल सरकतात, दिवसाला नऊशे,
आणि मी बघते. एवढंच काम.
तुटका ताणा, सुटलेला बाणा,
एखादा निघालेला फासा.
डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

काय बघालीस अम्मा?

इथं, म्हटलं.
उजव्या कोपऱ्यापासून चार बोटं आत
एक काळा ठिपका. मोहरीहून बारीक.
सिद्धरामने बोटाने पुसला. गेला नाही.
फडक्याने पुसला. मग मालकाला बोलावलं.
मालक चष्मा लावून वाकले,
बराच वेळ वाकूनच राहिले.
म्हणाले, डिस्प्लेचा पीस आहे बाई,
तीन हजार कमी करतो.

तीन हजार म्हणजे भिशीचे दोन हप्ते.

आमच्यात याला सेकंड म्हणतात.
फर्स्ट खोक्यात बसून परदेशी जातो,
सेकंड किलोवर विकतात आम्हाला.
अंग पुसायचा पंचा सेकंड,
दारचा पडदा सेकंड, त्यावरचा मोर एकडोळ्या,
हिला पहिल्यांदा गुंडाळलं ते दुपटंही.
मीच नापास करायचं
आणि मीच घरी आणायचं.

स्रवंती हळूच म्हणाली,
चालतंय की अम्मा, एक ठिपका तर आहे.
तिला खरंच चालणार होतं.
तेच मला टोचलं.

वद्दू, म्हटलं, घरातल्या भाषेत,
मग मालकांसाठी मराठीत: नको.
नवीन खोकं फोडा.

नवीन खोकं गोडाऊनमध्ये होतं.
पाऊण तास बसलो. चहा आला, अर्धा अर्धा.
ती काही बोलली नाही, वही मिटून
मांडीवर ठेवली होती.
मी मनात तीन हजारांचा हिशेब
दोनदा केला, दोनदा चुकला.

मग टेप फाटली, थर्माकोल किरकिरला,
पडदा पांढरा झाला.
मी घाई केली नाही.
डावीकडून उजवीकडे, वरून खाली,
सिद्धरामही माझ्या बाजूने वाकून बघत होता,
काय बघायचं ते न कळता.

फर्स्ट आहे, म्हटलं.
आणि पैसे मोजायला घेतले.

रात्री पाणी आलं म्हणून उठले.
ती झोपली होती, तोंड भिंतीकडे.
लॅपटॉप फळीवर, आणि धूळ बसू नये म्हणून
त्यावर तिने टॉवेल पसरलेला,
निळा, माझ्याच टेबलावरचा,
मधोमध एक धागा कमी.
घडी सरळ करावी म्हणून हात नेला,
मग तसाच मागे घेतला,
बादली भरायला गेले.