मेनच्या आधी

जिनिंगच्या वजनकाट्यावर काल साडेअकराला
वीज गेली आणि आली.
कॉम्प्युटर उठला, प्रोग्रॅम उठू लागला,
आणि त्याची पहिली ओळ चालायच्या आत
माझी लायब्ररी जागी झाली.

तिच्यात एक फंक्शन आहे. त्याला कुणी हाक मारत नाही.
सगळा कोड चाळा, त्याचं नाव कुठे घेतलेलं नाही.
लायब्ररी मेमरीत उतरली की ते आपोआप चालतं,
मेनच्या आधी.
तीन वर्षांपूर्वी नागपुरात, रात्री दोनला, मीच लिहिलं:
काट्यावर आत्ता जे आहे, ते शून्य धर.
तेव्हा मी मलाच हुशार वाटलो होतो.

आत्ता काट्यावर होता
नन्नावऱ्यांचा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली,
शिगोशीग कापूस, कापसावर दोन पोरं.
पडद्यावर शून्य.
पोरांनी खाली उड्या मारल्या.
पडद्यावर उणे पासष्ट.
"बाप्पा," डोमाजी फोनवर म्हणाला,
"आता यायलेच पैसे मांगू का?"

वडकी फाट्यावर उतरलो. सरकीच्या पोत्यावर लॅपटॉप.
कोण कुणाआधी उठतं ते बघत बसलो:
जिच्यावर दुसरीची भिस्त, ती आधी,
मग दुसरी, आणि प्रोग्रॅम सगळ्यांत शेवटी,
नवरदेवासारखा, मांडव कुणी घातला ते न विचारता.

अनसूया सुरपाम खराटा टेकवून बघत होती.
फाटक उघडायच्या आत, पहाटे पाचला, ती येते,
काट्याच्या लोखंडी पाटावरची माती, रुई,
पऱ्हाटीच्या काड्या झाडून काढते.
हजेरीपटावर तिची वेळ आठची आहे.
म्हणाली, "शून्य कराचं असन भाऊ,
तं आंधी पाहा लागते ना, वर कोन उभं हाये."

हे वाक्य मी कोडमध्ये कमेंट म्हणून टाकलं,
तिच्याच शब्दांत. वर तिचं नाव.
आता ते फंक्शन उठतं, पोर्ट उघडतं,
कालचं जपलेलं शून्य वाचतं आणि गप्प राहतं.
नवं शून्य धरायचं बटण डोमाजीकडे.

संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला.
काट्यावर एक कुत्रं निजलं होतं.
पडद्यावर पंधरा किलो.
डोमाजी हसला, कुत्र्याची पावती फाडू म्हणाला.
अनसूयाबाईंनी खराटा नुसता आपटला.

शून्य.