स्विंडनचं पाणी

नर्सबाईंनी वही दिली. म्हणाल्या, पंधरा दिवस लिहा:
काय धुता, कशाने धुता, किती वेळा.
हातमोजे कुठले. झोपताना हीटर किती वर.
मी विचारलं, खाजेचं लिहू का?
म्हणाल्या, तेही लिहा. पण आधी पाणी.

तर पाणी.
इथलं पाणी जड आहे.
खडूच्या टेकड्यांतून झिरपत येतं म्हणतात,
साबण त्याच्याशी बोलत नाही.
किटलीच्या बुडाशी पांढरी खरपुडी धरते,
तीच बहुधा माझ्या पेरांवर.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
नव्या गावचं पाणी लागतं गं सुरुवातीला.
आई, नऊ वर्षं झाली.

सोमवार. पहाटे साडेपाच. हीटर रात्रभर चालू,
हवा इतकी कोरडी की ओठ जांभईला नको म्हणतात.
बसथांब्यावर वारा. लोकरी मोजे घरी राहिले.
सात ते तीन: एकेचाळीस वेळा हात धुतले.
जेल वेगळा. जेलचा हिशेब ठेवणं सोडलं,
भेगेत गेला की आकडा विसरायला होतो.

मंगळवार. वरीलप्रमाणे.

बुधवार. खोली बारा, डोरीन हॅदर्ली, वय एक्क्याण्णव.
त्यांची कातडी म्हणजे कांद्याचा आतला पापुद्रा,
घड्याळाचा पट्टा घासला तरी फाटते.
मी त्यांना उचलत नाही, सरकवते.
टॉवेलने पुसत नाही, टेकवते.
आई म्हणायची, कुणाचं काही अंगाला लावून घेऊ नये.
इथे दिवसभर तेच काम.
नाकाशेजारी खळगा आहे, तिथलं काहीतरी कापून काढलं.
चाळीस उन्हाळे वाटाण्याच्या वाफ्यात, बिनटोपीचे.
"आमच्या उन्हाला कोण घाबरणार?" म्हणतात.
त्याआधी रेल्वेच्या कारखान्यात
डब्यांच्या गाद्या शिवायच्या.
उजव्या तर्जनीवर सुईचा घट्टा अजून आहे.
बाकी सगळं पातळ झालं, तो नाही.

गुरुवारी लिहायचं राहिलं.

शुक्रवारचं लिहू की नको, ठरत नाही.
वेंगुर्ल्याच्या मावशीने मुठेल पाठवलं होतं,
मुठीत वळलेला गोळा, तिच्या बोटांच्या खुणांसकट.
चमच्यात वितळवून मी रात्री लावते,
नवरा म्हणतो, उशीला मेणबत्तीचा वास येतो.
त्यातला एक तुकडा खिशात होता.
डोरीनबाईंच्या टाचांत ब्लँकेटचे धागे अडकत होते.
नियम सांगतो: चार्टवर नाही ते लावायचं नाही.
मी नियम पाळला.
तुकडा खिशातच विरघळला, गणवेशावर डाग.
"काय ते?"
कोकमाच्या बियांचं तेल, म्हटलं, भेगांसाठी.
"हात बघू तुझे."

मी हात मागे घेतले.
जिची कातडी सांभाळायचा मला पगार मिळतो
तिने माझी बघावी, याची लाज वाटली.
त्यांनी उशीखालची ट्यूब काढली,
त्यांच्या नावाची चिठ्ठी डकवलेली,
आणि माझं एकेक बोट धरलं
शिवणीवरून हात फिरवावा तसं,
कुठे टाका उसवलाय ते बघत.
घट्टा भेगेवरून गेला.
झोंबलं. मी काही बोलले नाही,
त्या मात्र सॉरी म्हणाल्या, दोनदा.

मलई लावली की चार्टवर नोंद लागते. कुठे, किती.
मी लिहिलं: दोन्ही हात, वाटाण्याएवढी.
कोणाचे हात, असा रकाना नाही.

शनिवार. सुट्टी. भांडी नवऱ्याने घासली,
मी किटलीत व्हिनेगर ओतून ठेवलं.
तासाभराने खरपुडी पापुद्र्यांनी सुटली,
खालचं पत्र्याचं बूड दिसलं, मग चहा केला.
चहावर पुन्हा तीच साय.

नर्सबाई,
खाज: रात्री अडीचला, डाव्या हाताला जास्त.
पाणी: तेच.