खोटा दाणा

सकाळी साडेसहाला मी बंधाऱ्यावर असते.
माझं काम नदी बाटलीत भरायचं:
हात कोपरापर्यंत बुडवून, बाटलीचं तोंड धारेकडं करून,
आधी तिच्याच पाण्यानं ती तीनदा विसळायची.
मग झाकण, चिठ्ठी, तारीख, वेळ, सही.
सन्मती भूपाल मगदूम, प्रयोगशाळा सहायक, कंत्राटी.

त्या वेळी पप्पांकडं रात्रीचे नऊ,
आणि अजून कालच असतं.
गयानात. शाळेच्या नकाशात तो देश
माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकला जायचा.
पॅनमन म्हणून गेले, तीन वर्षं झाली.
इथं अठ्ठावीस हंगाम साखर शिजवली,
मग कारखान्यानं अकरा महिन्यांचा पगार थकवला
आणि आईनं पतपेढीचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं.
बोलली नाही काही.

तिथंही ऊसच, म्हणतात.
शेतांच्या कडेनं चर, चरांतून लोखंडी होड्या,
होड्यांत ऊस; पूर्वी बैल ओढायचे, आता ट्रॅक्टर.
तोडायच्या आधी फड पेटवतात.
मग घरमालकीण फुलमती धावते
दोरीवरचे कपडे काढायला.
तिच्या पणजीला जहाजातून आणलं होतं, ऊस तोडायला.
पणजीच्या भाषेतले चार शब्द हिच्याकडं उरलेत:
आजी, लोटा, दाल, आणि एक शिवी.
मुलगा बार्बाडोसला हॉटेलात भांडी घासतो,
सून त्रिनिदादला कुणाचं तरी म्हातारं सांभाळते,
नातू हिच्यापाशी.
"हितं घरं लई मोठ्ठी, खांबावर उभी," पप्पा म्हणतात,
"आन् माणसं दोन."
"मग आपल्यात किती हाईत?" आई विचारते.

मंगळवारी बंधाऱ्याखाली मासे वर आले.
मरळ, कटला, वांब. पोटं वर, तोंडं उघडी,
पाण्याला काकवी आंबल्याचा वास.
गणपा भोई जाळं खांद्यावरनं न उतरवताच बसला होता.
पोरं टोपल्या भरत होती, नको नको म्हटलं तरी.
मला म्हणाला, "लिव, पोरी.
पण तुझ्या बापाच्याच ताटातलं सांडलंय हे."
बाटलीतलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं.
प्राणवायू शून्य पूर्णांक चार.
दुपारी साहेब म्हणाले, नमुना परत घे,
जरा वरच्या अंगानं घे, घाई काय आहे.
तुझं कंत्राट मार्चला संपतंय ना?

वरच्या अंगानं नदी नेहमीच बरी असते.

बुधवारी बंधाऱ्यावर जायच्या आधीच फोन लावला.
पप्पांच्या मागं बेडूक ओरडत होते, आपल्यासारखेच.
सगळं ऐकून घेतलं. मग भलतंच बोलायला लागले.
"दाणा बसताना वाफ चुकली की खोटा दाणा येतो.
बारीक, धुळीसारखा. दिसायला साखरच.
काचपट्टीवर धरल्याबिगर कळत न्हाई.
नवं पोरगं म्हणतं, असू दे, चालतंय.
न्हाई चालत. गरम पाणी मारायचं, विरघळवायचा,
परत शिजवायचं. दोन तास जातात, शिफ्ट बोंबलती.
मी बोंबलू दिली."
बेडूक.
"मळी कुठं जायची, ते मात्र कधी बघितलं न्हाई गं.
पॅनच्या मजल्यावरनं नदी दिसायची की.
लांबनं चांगली दिसायची."

मी आकडा पेनानं लिहिला. खाली मंगळवारचीच तारीख.

तोवर आईनं फोन ओढून घेतला होता.
"राख पडली का आज?"
"पडली."
"कपडे?"
"फुलमतीनं काढले."
आमच्या दोरीवर कुणी काढले नव्हते.
बॉयलरची काजळी रात्रभर माझ्या पांढऱ्या एप्रनवर.
आई कान आणि खांद्यात फोन धरून
तो झटकत राहिली, नुसता झटकत.
चोळलं की पसरतं.